अधिक महिन्यातली पट्टी

दर मंगळवारी सकाळी, चहाच्या आधी, सोपानभाऊ स्वतःच्या लघवीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येत. मागे हॉलमध्ये केंद्रातले सगळे पेशंट भिंतीला पाठ लावून बसलेले असत. कप टेबलावर ठेवून, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणत, "आदी माजं बगा, सिस्टर. मंग ह्या मंडळींचं." माझ्या पहिल्या मंगळवारी मला हे गृहस्थ पेशंटच वाटले. दाखल होऊन किती दिवस झाले, असं मी रीतसर विचारलं. हॉल खदाखदा हसला. भाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "दाखल कवाच झालो. निगायचं तेवडं ऱ्हायलं."

ते केंद्राचे वॉर्डन होते. आमचं व्यसनमुक्ती केंद्र मळवली स्टेशनपासून थोडं आत, भातखाचरांच्या कडेला, भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात आहे. मुंबईच्या मालकाने हौसेने बांधलेला पोहण्याचा तलाव मागे कोरडा पडून आहे आणि त्यात आमचे पेशंट कपडे वाळत घालतात. मी वलवणहून रोज स्कूटरने येते. आधी बरीच वर्षं एका हॉस्पिटलात काढली. रोज भाकरी थापणाऱ्या बाईच्या बोटांना तवा जाणवेनासा होतो, तसं माझं झालं आहे. माणसं येतात, रडतात, शपथा घेतात, जातात, परत येतात. मी कप घेते, पट्टी लावते, हात धुते. म्हणून सोपानभाऊंबद्दल लिहिताना मला फार काही दाटून येतंय असं समजू नका. जे पाहिलं ते सांगते.

पट्टीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ती न कळता पुढचं कळणार नाही. लघवीचे चार थेंब टाकले की थोड्या वेळात तिच्यावर गुलाबी रेघा उमटतात. प्रत्येक नशेसाठी एक जागा असते. रेघ उमटली तर माणूस स्वच्छ. जागा कोरी राहिली तर अंगात नशा आहे. गरोदरपणाच्या पट्टीच्या हे बरोबर उलटं, त्यामुळे नवे पेशंट रेघ दिसली की पांढरेफटक पडतात आणि कोरी जागा बघून हसतात. भाऊ त्यांना समजावत, "रेग म्हंजे सुटका. फिकी असली तरी रेग ती रेग. कोरं ऱ्हायलं की मेला."

नमुना द्यायला माणूस संडासात जाई, तेव्हा भाऊ दाराशी उभे राहत. असं उभं राहावंच लागतं, नाहीतर लोक खिशातल्या बाटलीतून दुसऱ्याची लघवी ओततात. पण भाऊंची उभं राहायची एक तऱ्हा होती. तोंड भिंतीकडे, कान नळाकडे. आत पाण्याचा आवाज आला की समजायचं, पाणी मिसळलं. बाहेर आलेला कप ते मुठीत धरून बघत. गार लागला तर तो ओतून देत आणि माणसाला पुन्हा आत पाठवत. आतला माणूस संकोचाने अडला, तर त्याच्याशी भातावर बोलायला लागत. यंदा इंद्रायणी लावलंय का, पाणी किती ठेवलंय, खेकडे बांध पोखरतात का. मुंबईच्या एका पेशंटला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण तोही बिचारा आतून "व्हय, व्हय" म्हणायचा आणि त्याचं काम होऊन जायचं.

भाऊंची दोन वाक्यं केंद्रात कायद्यासारखी होती. एक, "मानूस खोटं बोलतं, मूत बोलत न्हाई." दुसरं, "पट्टीसंगं वाद घालायचा न्हाई. ती कुनाची सोयरी न्हाई." जागा कोरी निघाली की केंद्राचा नियम असा की माणसाने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. घरी जायची रजा नाही, घरच्यांची भेट नाही, सगळा उपचार नव्याने. कुणी रडलं, कुणी आईची शपथ घेतली, कुणी सर्दीच्या औषधाचं निमित्त सांगितलं, तरी भाऊ शांतपणे त्याची गादी उचलून नव्या लोकांच्या बाजूला नेऊन टाकत. मग त्याला चहा करून देत. चहात साखर जास्त घालत. शिक्षा आणि साखर एकाच हाताने देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

स्वतः त्यांनी काय काय केलं होतं, ते लपवत नसत. तरुणपणी त्यांचा टेम्पो होता. मळवली स्टेशनवरून बंगल्यांवर पाहुणे आणि त्यांचं सामान पोचवायचे. अशाच एका पाहुण्याने खुशीत येऊन गर्दची पुडी हातावर ठेवली. पुढे टेम्पो गेला, बायकोच्या अंगावरचं गेलं, धाकट्या मेहुण्याची मोटरसायकलही गेली. बायको, संगीता, मुलीला घेऊन बेडशाला माहेरी निघून गेली. सासूने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, आता या घरात पाय टाकायचा नाही. भाऊ म्हणत, "बराबर सांगितलं. मी तिच्या जागी असतो तर कोयता घिऊन सांगितलं असतं." आमच्याच केंद्रात बरे झाले, मग तिथेच राहिले. सहा-सात वर्षं मंगळवारची पहिली पट्टी त्यांची आणि सगळ्या रेघा जागच्या जागी.

मध्ये एक अधिक महिना येऊन गेला होता. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे दिवा लावून हातात देतात. जावई कसाही असो, त्या दिवशी तो देव. तेव्हा बेडशाहून भाऊंना बोलावणं आलं नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. त्या महिन्यात ते दोनदा विनाकारण स्टेशनवर जाऊन बसले होते, एवढंच स्वयंपाकाच्या मावशींनी मला सांगितलं होतं.

या वेळी बोलावणं आलं. भाताची लावणी आटोपली होती. मेहुणा मोटरसायकलवरून फाटकापर्यंत आला, आत आला नाही, हॉर्न वाजवून भाऊंना बाहेर बोलावलं, दोन वाक्यं बोलला आणि वळून गेला. भाऊ परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. पांढरा शर्ट बरा दिसेल की निळा, असं त्यांनी मला विचारलं. पन्नाशीच्या माणसाने असं विचारल्यावर चेष्टा करायचा मोह कुणाला होणार नाही? मी म्हटलं, नवरदेवाने बाशिंगाचंही बघून ठेवावं. ते लाजले. खरंच लाजले.

रविवारी गेले, सोमवारी परत आले. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. मावशींनी जेवणाचं विचारलं तर म्हणाले, पोट भरलंय. मला नंतर एकटीला सांगितलं की सासूने ताट हातात दिलं तेव्हा मान वर करवली नाही, आणि अधिक महिना सरला की संगीता येणार आहे. केंद्राच्या मागची खोली सरांनी त्यांना द्यायचं कबूल केलं होतं. सर म्हणजे केंद्र चालवणारे. "म्हैना सरल्यावरच्या पयल्या सोमवारी दिवस चांगला हाय म्हनत्यात," भाऊ म्हणाले. खोलीच्या खिडकीला काच नव्हती. तिला काय लावावं याचा त्यांना घोर लागला होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. कप टेबलावर आला, "आदी माजं" झालं, मी थेंब टाकले. रेघा एकेक करून उमटल्या. अफूची जागा कोरी राहिली. अफू आणि गर्द एकाच कुळातले, दोघांची पट्टीवर जागा एकच. मी जरा थांबले. कधी कधी रेघ उशिरा येते. भाऊ वाकून बघत होते, हॉल बघत होता. रेघ आली नाही. मी दुसरं पाकीट फोडलं, पुन्हा थेंब टाकले. पुन्हा तेच.

मला त्या क्षणी काय वाटलं, असं नंतर सरांनी विचारलं. काहीच वाटलं नाही. मी हातमोजे काढले, दुसरे घातले.

मग डोकं चालू लागलं. खसखशीत अफूचा अंश असतो, एखाद्या पुडीत जास्त असतो, आणि अनारसा खसखशीवर थापून तळतात. पट्टीच्या पाकिटातल्या कागदावरही खसखशीचं लिहिलेलं असतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, अनारसे किती खाल्ले?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, हे मला दिसलं. तरी ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सिस्टर." कंबरेच्या किल्ल्या सोडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या, आपली गादी आणली आणि नव्या लोकांच्या बाजूला, संडासाच्या दारालगत, स्वतःच्या हाताने टाकली.

दुपारी मी त्यांना गाठलं. ते कोरड्या तलावाच्या काठावर बसले होते. खसखस खाल्ली हे नुसतं कबूल करायला काय जातं, असं मी त्यांना जरा रागानेच विचारलं. तेव्हा त्यांनी मला मधूची गोष्ट सांगितली. ती माझ्या आधीची. मधू लोणावळ्याच्या एका हॉटेलात आचारी होता. केंद्रातून रजेवर घरी गेला, परत आला आणि त्याची जागा कोरी निघाली. तो सांगत होता की मी फक्त रस्सा चाखला, रश्शात खसखस होती. त्याच्या मुलीचं बारसं होतं त्या आठवड्यात. भाऊंनी त्याची गादी हलवली. बारसं झालं, मधूला जाता आलं नाही, आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो कपडे वाळत घालायला म्हणून मागे गेला तो गेलाच. कुठे आहे, आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही.

"हसलो हुतो मी त्याला," भाऊ म्हणाले. "म्हनलं, खसखस खाऊन कुनी झिंगतं का, गड्या. आता माज्या टायमाला खसखस खरी, आन् त्याच्या टायमाला खोटी?"

मी म्हटलं, त्याचं काय व्हायचं ते झालं, संगीता यायची आहे, तिचा तरी विचार करा. ते तलावातल्या कपड्यांकडे बघत म्हणाले, "बेडशाला फोन करू नका. म्हातारीनं हातानं थापल्यात. तिच्या अनारशानं असं केलं म्हनून कुनी सांगू नये तिला."

सरांना काहीतरी करून दाखवायचं होतं. नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवू म्हणाले. मी त्यांना समजावलं की लॅब अफूचा अंश आहे एवढंच खात्रीने सांगेल. तो खसखशीतून आला की पुडीतून, हे एवढ्या वेळाने तिलाही सांगता येईलच असं नाही. पुन्हा अनारसे करून कुणाला खाऊ घालावेत, तर एका पुडीतली खसखस दुसरीसारखी नसते. म्हणजे मार्ग नाही. ते मी सरांना जितक्या कोरड्या आवाजात सांगितलं तितक्याच कोरड्या आवाजात इथे लिहिते आहे. सोपानभाऊंनी त्या रविवारी वाटेत कुठे थांबून काय केलं, की काहीच केलं नाही, ते मला माहीत नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. माझं काम कपापासून पट्टीपर्यंत.

ते दिवस कसे गेले ते सांगायला फारसं काही नाही. भाऊ घंटा झाली की उठत, सांगितलं की जेवत, नव्या पोरांबरोबर झाडू मारत. कुणी "भाऊ" म्हणून हाक मारली की ओ देत नसत, नावाने हाक मारली की देत. हॉलमध्ये काहीजणांना आतून गुदगुल्या होत होत्या, हे मला कळत होतं. ज्याने आपल्या गाद्या हलवल्या त्याची गादी हलली होती. पण बाकीचे घाबरले होते. सोपानभाऊंचं असं, तर आपलं काय, हे त्यांच्या तोंडावर दिसे. कामशेतचा एक रिक्षावाला, चांगला सुधारत आलेला, बॅग भरून निघून गेला. जाताना मला म्हणाला, काही उपयोग नसतो मॅडम.

खिडकीला लावायला भाऊंनी पत्रा आणून ठेवला होता. तो व्हरांड्यात तसाच उभा होता. त्याच्याकडे ते बघत नसत.

सर शेवटी राहवेना म्हणून फोन करून बसले. बेडशाला, मेहुण्याला. जेवणात काय काय होतं, अनारशांना खसखस किती होती, एवढंच विचारलं म्हणाले. पण मेहुणा काही दुधखुळा नव्हता. व्यसनमुक्ती केंद्राचा साहेब जावयाच्या जेवणाची चौकशी करतो, याचा अर्थ काय, हे त्याला फोन ठेवायच्या आत कळलं. संध्याकाळपर्यंत ते घराला कळलं असणार आणि घराला कळलं म्हणजे गावाला. भाऊंना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हातातली कोथिंबीर निवडत राहिले. आता संगीता येत नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात म्हातारी उभी होती. मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. ठेंगणी, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, पायांना लाल चिखल, काखेत स्टीलचा रिकामा डबा. जीपने कामशेतपर्यंत आणि तिथून लोकलने मळवलीला आली होती. कुणाला काही न विचारता हॉलमध्ये आली. भाऊ भिंतीशी बसले होते. ते उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या टेबलाशी आली आणि डबा ठेवला.

"तूच का मुताची बाई?"

मी हो म्हटलं. या नोकरीत माझा याहून नेमका परिचय कुणी करून दिलेला नाही.

"मंग माजंबी बग. त्येच अनारसं मीबी खाल्ल्यात. सकाळी निगताना डब्यातला सगळा चुरा खाऊन आलीया."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की चुऱ्याने काही व्हायचं नाही, जावयाने ताटभर खाल्लेत. तिने ऐकलं नाही. कप मी तिच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून बघितला, "ह्यात?" एवढंच विचारलं आणि संडासाची दिशा हाताने विचारून घेतली. हॉलमधली सगळी माणसं, कोण ट्रकवाले, कोण हॉटेलवाले, आपोआप भिंतीकडे तोंड करून बसली. मावशी तिच्याबरोबर दाराशी गेल्या.

मी थेंब टाकले. म्हातारी टेबलावर दोन्ही तळवे टेकून पट्टीकडे बघत होती, आणि तिच्या मागून भाऊ बघत होते. मला आठवतंय, त्या थोड्या वेळात मी देवाला काही मागितलं नाही, पण बोटं आवळून धरली होती. अफूची जागा कोरी राहावी, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. रेघ आली. फिकी, दिसेल न दिसेल अशी. पण आली.

"काय म्हनतीया?" म्हातारीने विचारलं.

मी तिला सांगितलं की तुमच्यात काही नाही.

"म्हंजे?"

म्हणजे यावरून भाऊंचं काही सिद्ध होत नाही, असं मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. भाऊ खाली बसले, गादीवर, गुडघ्यांत मान घालून.

म्हातारीने पट्टी बोटाने बाजूला सारली, ताटातला खडा बाजूला सारावा तशी, आणि भाऊंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पावनं, ह्या पट्टीला इचारून आमी पोरगी दिली नव्हती," ती म्हणाली. "उटा. संगीनं आंगुळीला पानी ठिवलंय."

भाऊंनी मान वर केली. त्या सबंध आठवड्यात या माणसाने स्वतःच्या बाजूने एक शब्द उच्चारला नव्हता. सरांसमोर नाही, हॉलसमोर नाही, माझ्यासमोरही नाही. आता त्यांचं तोंड लहान पोरासारखं वेडंवाकडं झालं.

"मामी, मी घेतली न्हाई."

"मी इचारलं का तुमाला?" म्हातारी म्हणाली, आणि खाली बसून त्यांची गादी गुंडाळायला लागली.